कनेक्शनं अडकतात कुठे?

प्रश्न : माजलगावातल्या एका पतसंस्थेचं इंटिग्रेशन सॉफ्टवेअर मी सांभाळतो. रक्कम एका डेटाबेसात वजा होते, दुसऱ्यात जमा. गर्दीच्या वेळी पोस्टग्रेस ‘टू मेनी क्लायंट्स’ म्हणतं. मर्यादा वाढवू का?

उत्तर : एवढ्यात नको. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० असते आणि प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर स्वतंत्र प्रोसेस चालते. तुमच्यासारख्या दोन डेटाबेसांवरच्या एक्सए व्यवहारात दोन्हीकडची कनेक्शनं कमिट होईपर्यंत अडकून राहतात. मध्येच एसएमएस गेटवे रेंगाळला, तर तीही ताटकळतात. एसएमएस आधी व्यवहाराबाहेर काढा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

मग कनेक्शन पूलला कमाल मर्यादा घाला. पूल एक्सए जाणणारा हवा, साधा चालणार नाही. चालू व्यवहार थांबवून तुमचा कोड नवा उघडत असेल, तर एका थ्रेडला त्याच डेटाबेसची दोन कनेक्शनं लागतात. अशा १० थ्रेडना किमान ११ हवीत. १० च ठेवलीत, तर प्रत्येक जण एक धरून दुसऱ्याची वाट पाहत बसू शकतो. सॉफ्टवेअर दोन सर्व्हरवर चालत असेल, तर दोन्ही पूलांची बेरीज १०० च्या बरीच आत ठेवा. व्यवहाराला टाइमआउटही द्या. आणि कमिटच्या प्रतीक्षेत अडकलेले व्यवहार दाखवणारा ‘पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स’ रोज पाहा. तिथे जुनी नोंद दिसली, तर ती कुणाच्या तरी खात्यावर कुलूप धरून बसलेली असू शकते.