सावित्रीच्या सोबतीने

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब कोणत्या समुद्रास मिळेल, हे तो माथ्याच्या कोणत्या अंगास पडला यावर ठरते. महाबळेश्वरच्या पठारावर ही गोष्ट फार स्पष्टपणे ध्यानात येते. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. कृष्णा पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तिची बहीण सावित्री मात्र पश्चिमेकडे झेपावते. तिच्या मुखापासून हे पठार सरळ रेषेत अवघे ६५ किलोमीटरांच्या आसपास आहे. मार्ग थोडा आणि उतार मोठा. म्हणूनच तिची गती विलक्षण! जो प्रवासी तिची सोबत धरतो, त्यास डोंगर, दरी, सखल भूमी, खाडी आणि सागर यांचे दर्शन एकाच प्रवासात घडते.

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. पश्चिमेकडील आर्थर सीट या कड्यावर उभे राहिले, की सावित्रीचे खोल खोरे नजरेस पडते. पायांखाली तांबडा जांभा दगड असतो, तर समोरच्या कड्यांत काळ्या कातळाचे थरावर थर रचलेले दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुनःपुन्हा उसळलेला लाव्हा थंड होऊन हे थर बनले. सागरावरून आलेले पावसाळी ढग याच कड्यांना अडतात. त्यामुळे येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. सावित्रीचे सारे वैभव, आणि तिचा सारा कोपही, या पावसातूनच जन्मास येतो.

आंबेनळी घाटाची नागमोडी वाट उतरू लागले, की प्रतापगडाचे दर्शन घडते. शिवछत्रपती आणि अफझलखान यांची इतिहासप्रसिद्ध भेट १६५९ साली याच गडाच्या पायथ्याशी झाली. घाट संपताच पोलादपूर येते. येथून नदीचा उतार कमी होतो आणि तिचे पात्र रुंदावते.

पुढे महाड लागते. येथील चवदार तळ्याचे पाणी सर्व माणसांना समान हक्काने मिळावे, यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. जल सर्वांचे आहे, ही शिकवण या नगरीने देशास दिली. पण जलाचे रौद्र रूपही महाडास परिचित आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला आलेल्या महापुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व अन्य वाहने प्रवाशांसह पाण्यात पडली. जुलै २०२१ मध्ये पुराने शहराला वेढले, तर त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेक माणसे प्राणास मुकली. डोंगराची शोभा पाहावयास जाणाऱ्याने पावसाळ्यातील या शक्तीचा आदर राखलाच पाहिजे.

महाडच्या पुढे नदीत समुद्राच्या भरतीचे पाणी शिरते आणि गोडे पाणी हळूहळू मचूळ होते. सावित्रीच्या काठावर, पाण्यालगत, मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. खाडीच्या चिखलात तिवरांची झाडे मुळांचे जाळे पसरून उभी असतात. ही मुळे काठाची माती धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. दिसावयास ही झाडे खुजी. परंतु काठाचे रक्षण तीच करतात.

अखेर सावित्री सागरास भेटते. उत्तरेस हरिहरेश्वर आहे. लाटांनी तेथील खडकांत नक्षीकाम करावे तशी भोके व खळगे कोरलेले आहेत. देवळामागील प्रदक्षिणेची वाट ओहोटीच्या वेळीच चालावी. भरतीत तिच्यावर लाटा आदळतात. दक्षिणेस बाणकोटचा किल्ला, म्हणजे हिंमतगड, मुखावर पहारा देतो. तेथून जवळच नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास आहे.

वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीच्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीची कासवी येते. ती वाळूत खड्डा खणून सुमारे शंभर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि सागरात परत जाते. पिलांचे मुख तिला कधी दिसत नाही. पूर्वी या अंड्यांचा वास कुत्र्याकोल्ह्यांना लागे, आणि माणसेही ती उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे कासवांच्या रक्षणाचे कार्य आरंभिले. अंडी नेणाऱ्यांवर नुसता राग धरून काम होणार नव्हते. गावकऱ्यांची समजूत घालण्यात आली आणि गावातील माणसेच राखणदार झाली. ती पहाटे किनारा तुडवून घरटी शोधू लागली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, तितक्याच खोल खड्ड्यात, जपून पुरली जाऊ लागली.

सुमारे पन्नास दिवसांनी वाळू हलते आणि तळहातावर मावतील अशी पिले वर येतात. ती पाहण्यासाठी २००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरचे जेवण जेवू लागले. त्यामुळे अंड्यांच्या विक्रीतून जे मिळत असे, त्याहून अधिक मोलाचे काही त्यांच्या रक्षणातून गावाच्या हाती आले.

पिलू सागराकडे धावते, ते क्षितिजावरील उजेडाच्या ओढीने. पाहुण्याने दिवा लावला, तर ते वाट चुकते. म्हणून जमलेली माणसे दोरीमागे निःशब्द उभी राहतात. कोणी पिलास उचलून पाण्यात सोडीत नाही. ते आपल्याच पायांनी ओल्या वाळूवरून सरकते, लाटेने मागे लोटले जाते आणि पुन्हा पुढे निघते. हजारांतून एखादेच मोठे होते, असे जाणकार सांगतात. तरीही प्रत्येकास लाटेपर्यंतची वाट मोकळी मिळावी, एवढी काळजी वेळास घेते. सह्याद्रीवरून धावत आलेल्या सावित्रीचा प्रवास जेथे संपतो, तेथेच या चिमुकल्या जीवांचा प्रवास सुरू होतो.

प्रश्न
१. कृष्णा आणि सावित्री यांच्या प्रवासांत कोणता फरक आहे? त्याचे कारण सांगा.
२. तिवरांची झाडे काठाचे रक्षण कशी करतात?
३. 'गावातील माणसेच राखणदार झाली.' हे कसे घडले, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाजवळील नदी कोठे उगम पावते व कोठे जाते, याची माहिती मिळवा.