बाँडवर सुटलेल्या पोराच्या आईबापांशी

“बाँडवर सुटला, संपलं एकदाचं,” असं म्हणत तुम्ही कोर्टातून घरी येता. पण आई-बाबांनो, संपलेलं काही नसतं. चांगल्या वर्तणुकीचा हा बाँड 3 वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि तेवढा काळ पोराइतकीच तुमचीही परीक्षा असते.

1958 चा प्रोबेशन कायदा तरुण पोरांच्या बाबतीत बराच दयाळू आहे. वय 21 च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाला परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगच का, याची कारणं लिहावी लागतात. हे वय शिक्षा सुनावण्याच्या दिवशीचं धरतात. म्हणून खटला लांबला तर बरंच, असं समजू नका. गांजा विकताना सापडलेल्या 18 च्या वरच्या पोराला मात्र ही सवलत नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

या अहवालासाठी अधिकारी चौकशीला घरी येतात, तेव्हा काही आईबाप पोराला देवमाणूस ठरवतात, काही “आमच्या हाताबाहेर गेला” म्हणून हात झटकतात. दोन्हींनी नुकसानच होतं. शाळा कधी सुटली, संध्याकाळी कुणाबरोबर असतो, दारू पितो का, हातात कुठलं काम आहे, ते खरं सांगा. तो अहवाल गोपनीय असतो.

बाँड मिळाला की मग येतो आपला लाडका उपाय: पोराला काटोलला मामाकडे धाडून देणं. कुठे राहायचं, नशा करायची नाही, अशा अटी बाँडमध्ये असू शकतात. न विचारता गाव बदललं की अट मोडली, आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा समोर उभी. पहिल्या चुकीला न्यायालय 50 रुपयांपर्यंतच्या दंडावरही भागवू शकतं. तेव्हा पाऊल घसरलं तर लपवू नका, अधिकाऱ्यांना आपणहून सांगा. “लग्न लावून दिलं की सुधरेल” हा दुसरा उपाय तर त्याहून वाईट. आपल्या पोराला सुधारायचं काम कुणाच्या लेकीच्या गळ्यात का घालायचं?

त्यापेक्षा काम मागा. गरज असेल तिथे योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हे परिविक्षा अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून कायद्यातच लिहिलंय, पण ते मागणारे आईबाप फार थोडे. हिंगण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागलेल्या पोराची हजेरी अधिकाऱ्यांच्या दर भेटीला बुडाली, तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. म्हणजे सुधारण्यासाठीची भेटच त्याची रोजी खाते! पाळी सुटल्यावरची वेळ द्या, अशी विनंती करा, आणि तीही लेखी करा. श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयमध्ये प्रवेशाची चौकशी करा. बाँडवर सुटलेल्याला, केवळ दोष सिद्ध झाला म्हणून कायद्याने लागणारी अपात्रता लागत नाही, हे कलम 12 त्यालाही वाचून दाखवा. “आता माझं काय होणार” हे त्याच्या मनात सारखं चाललेलं असतं.

आणि संध्याकाळ. “त्या पोरांत जाऊ नको” हे आपण सांगतो, पण मग जायचं कुठे, हे सांगत नाही. आपल्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. ‘झुंड’ सिनेमातून त्यांची गोष्ट घरोघरी पोचली. त्यांनी आधी उपदेश केला नाही, आधी चेंडू दिला. नवे दोस्त मिळाल्याशिवाय जुने सुटत नाहीत. मैदान, तालीम, ढोलपथक, काहीही चालेल, पण ते त्याच्या आवडीचं हवं, तुमच्या नव्हे.

अजून खटला चालू असेल आणि वकील परवडत नसेल, तर कागद घेऊन न्यायमंदिरातल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन लावा. जाताना पोराला सोबत न्या, आणि तिथे आधी त्याला बोलू द्या.