आधी बिलं काढा, मग ठराव करा

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये वायरिंगची आणि सौर पॅनल बसवण्याची कामे करतो. नगर परिषदांची आणि ग्रामपंचायतींची सभागृहे मी फारशी पाहिली नाहीत, पण त्यांच्या मीटरपेट्या मला चांगल्या ओळखीच्या आहेत. 2 ऑक्टोबर 2020 रोजी राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश ही त्याची पाच अंगे, त्यातले अग्नी म्हणजे ऊर्जा. त्याच उत्साहात आमच्या भागातल्या एका संस्थेने (नाव घेत नाही) पाच वर्षांत उत्सर्जन निम्मे करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर केला. तो कसा फसला, हे मी जवळून पाहिले. इतर गावांवर तशी पाळी येऊ नये, म्हणून हे लिहितो.

पहिली गफलत आधारवर्षाची. तुलनेसाठी 2020-21 हे वर्ष धरले. करोनामुळे त्या वर्षी कार्यालये, शाळा, बाजार कितीतरी दिवस बंद होते. पुढच्या वर्षी कुलपे उघडली आणि दिवे बदलूनही वापर वाढलेला दिसला. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, तेव्हा आधी 2019 सालच्या उत्सर्जनाची मोजणी केली आणि 2050 चे लक्ष्य त्यानंतर ठेवले. लहान गावालाही हाच क्रम लागू पडतो.

त्याहून मोठा घोळ मीटरचा. 250 वॉटचा सोडियम दिवा काढून 110 वॉटचा एलईडी लावला, तर चोकचा वापर धरून वर्षाकाठी दिव्यामागे साडेसहाशे युनिटांच्या आसपास वाचतात. पण पथदिव्यांचे मीटरच बंद आणि बिल सरासरीचे, मग बचत दिसणार कुठे? मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्जही कोणी केला नाही, त्यामुळे स्थिर आकार जुनाच राहिला. लेखा विभागाने सभेत सांगितले की फायदा काहीच नाही. एकदा असे सांगितले गेले की पुढच्या कामाला पैसा मिळणे कठीण.

माझे सर्वांत कळकळीचे सांगणे पाणीपुरवठ्याबद्दल आहे. लक्ष्य म्हटले की सगळ्यांना इमारतीच्या छतावरची पॅनल आठवतात. 10 किलोवॉटच्या संचातून वर्षाला साधारण 14 हजार युनिट मिळतात. 50 अश्वशक्तीचा पंप दिवसाला दहा तास चालला तर वर्षाला सुमारे 1 लाख 36 हजार युनिट खातो. म्हणजे गळती बुजवून आणि पंप दुरुस्त करून दहा टक्के वीज वाचवली, तरी एका सौर संचाएवढे काम होते. एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ही वर्षाला साडेनऊ टनांची घट आहे. सौर संच जरूर बसवा, पण पाइपलाइननंतर. आणि धुण्या-दुरुस्तीचा करार त्याच निविदेत घ्या. नाही तर इन्व्हर्टर बिघडला की पॅनल नुसतीच छतावर पडून राहतात.

बचतीच्या नावाखाली कुठे हात घालायचा नाही, हेही ठरवा. जंगलालगतच्या शेवटच्या गल्लीतला दिवा मुळीच बंद करू नका. तिथे वाघ-बिबट्याची भीती रोजची आहे आणि पहाटे बाहेर पडणाऱ्या बायांना तो उजेड हवाच.

आपल्या हाताबाहेरचे आकडे लक्ष्यात ओढू नका. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचे. त्याच्या धुराविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे, पण नगर परिषदेच्या ठरावाने तो कमी होत नाही. पथदिवे, पंप, कार्यालये, शाळा, कचऱ्याच्या गाड्यांचे डिझेल हे मात्र आपल्याच तिजोरीतून जाते. लक्ष्य त्यावर ठेवा. जबाबदारी पदावर टाका, व्यक्तीवर नको. त्या संस्थेतला अधिकारी बदलून गेला आणि नोंदवही कुठे आहे, हे नव्या माणसाला कोणी सांगितलेच नाही.

सदस्यांनो, येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार असेल, तर मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे प्रत्येक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले मागा. बंद मीटर बदलून मिळेपर्यंत ठराव एक-दोन सभा पुढे गेला तरी चालेल.