लिहिणारे यंत्र आणि लिहू देणारे यंत्र

बोरूपासून टंकलेखन यंत्रापर्यंत लेखनाची जी साधने मनुष्याने वापरली, त्या सर्वांमध्ये एक गुण समान आढळतो. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेले वाक्य ती कागदावर उमटवीत नसत. शाई सांडे, टाक फुटे, टंकलेखन यंत्राची कळ अडके. पण या दोषांतून नवा मजकूर जन्मास येत नसे. संगणक आल्यावरही पुष्कळ वर्षे हीच स्थिती होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन लोकांसाठी खुले झाले आणि पुढील दोन-तीन वर्षांत, स्वतः वाक्ये रचणारी यंत्रणा पत्रलेखनाच्या, निरोप धाडण्याच्या व माहिती शोधण्याच्या नित्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळून गेली. तिला जनरेटिव्ह एआय असे म्हणतात. या पाठापुरते आपण तिला रचनाकारी बुद्धिमत्ता असे म्हणू. ज्या शाळेस अथवा ग्रंथालयास ही यंत्रणा आपल्या कामात नको असेल, तिने सॉफ्टवेअर कसे निवडावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. निवड करण्यापूर्वी दोन प्रकारच्या यंत्रांतील भेद समजून घेणे अवश्य आहे.

म्हैसूरच्या दक्षिणेस, नंजनगूडच्या वाटेवर, कडकोळ नावाचे गाव आहे. तेथील एखाद्या वाचनालयात एका मराठी कुटुंबाने आपल्या आजोबांची देवनागरीत लिहिलेली पत्रे आणून दिली आहेत, अशी कल्पना करू. घरी मराठी बोलणारी, परंतु शाळेत कन्नड लिपी शिकलेली मुले कर्नाटकात पुष्कळ आहेत. आजोबांची पत्रे नातवंडांस वाचता यावीत म्हणून ती कन्नड लिपीत उतरवावयाची आहेत. भाषा मराठीच राहील, लिपी तेवढी बदलेल. हे काम संगणक कसे करतो?

संगणकास अक्षर ठाऊक नसते, संख्या ठाऊक असते. युनिकोड या जागतिक संकेतानुसार देवनागरी 'क' याचा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड 'क' याचा ३२२१. दोहोंतील अंतर ८९६. आता 'ळ' घेऊ: देवनागरीत २३५५, कन्नडात ३२५१, अंतर पुन्हा ८९६. 'कडकोळ' हा शब्द संगणक २३२५, २३३७, २३२५, २३७९, २३५५ अशा पाच संख्यांनी लिहितो (ओकाराच्या चिन्हासही स्वतंत्र क्रमांक असतो). प्रत्येकीत ८९६ मिळवा, म्हणजे तोच शब्द कन्नड लिपीत उभा राहतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे, हे ओळखून आपल्या देशातील तंत्रज्ञांनी सर्व लिप्यांसाठी एकच चौकट आखली. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे यांच्या सहभागाने जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये या संकेतास मानक म्हणून मान्यता दिली आणि युनिकोडनेही भारतीय लिप्यांची मांडणी त्याच धर्तीवर केली. इनस्क्रिप्ट हा कळफलक त्याच विचाराचे फळ होय. त्यात मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडाचाही 'क' असतो. कन्नड टंकलेखन शिकलेल्या मुलीस मराठीसाठी बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत.

या नियमास मर्यादा आहेत, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. मराठी 'ऑफिस'मधील 'ऑ' कन्नड कोष्टकात नाही. तेथे ८९६ मिळविले तर रिकामे घर लागते व यंत्र अडते. कन्नडात ऱ्हस्व व दीर्घ असे दोन ओकार आहेत, मराठीत एकच. म्हणून नियम सर्वत्र दीर्घ ओकार देईल. अशा चुका होतात खऱ्या, परंतु त्या ठरलेल्या जागी व ठरलेल्या रीतीने होतात. एकदा कळली की शंभर पत्रांतून ती चूक एका दमात दुरुस्त करता येते. आजोबांनी जे लिहिले नाही, असे एकही वाक्य या मार्गाने पत्रात शिरू शकत नाही.

आता दुसरे यंत्र पाहू. रचनाकारी बुद्धिमत्तेस प्रचंड प्रमाणावर मजकूर दाखवून एकच गोष्ट शिकविलेली असते: आतापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता तुकडा येणे अधिक संभाव्य आहे, हे ठरविणे. 'पावसाळ्यात नदीला' इतके लिहिले की 'पूर' हा शब्द पुढे येण्याचा संभव मोठा. तो शब्द मांडला की त्याच्यासह पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा एक तुकडा. ज्या रचनेवर ही यंत्रे उभी आहेत ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती प्रथम भाषांतरासाठीच योजिली होती. अनुवादकाचा धंदा करणाऱ्यास हे विसरता येत नाही. हे तुकडे म्हणजे नेहमी पूर्ण शब्द असतात असे नाही. संगणकाच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते: इंग्रजी 'स्कूल' हा शब्द सहा बाइटांत मावतो, तर आपल्या 'शाळा' या शब्दास बारा लागतात. शिकविण्यासाठी वापरलेल्या मजकुरातही इंग्रजीच्या मानाने मराठी फार थोडी. यामुळे मराठी शब्दांचे बहुधा अधिक बारीक तुकडे पडतात.

अशा यंत्रास आजोबांची पत्रे दिली, तर ते लिप्यंतर करील आणि बहुधा बरे करील. परंतु एखादे अपुरे वाक्य ते पुरे करील, जुने रूप नवे करील, गावाचे अपरिचित नाव परिचित नावात बदलील. हे कोठे केले याची खूण मात्र ठेवील असे नाही. पहिल्या यंत्राची चूक वेडीवाकडी असते म्हणून दिसते. या यंत्राची चूक सुवाच्य व व्याकरणशुद्ध असते म्हणून नजरेतून सुटते.

हे नुसते तर्कट नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण-आदेश रद्द केला. त्या आदेशात आधारासाठी दिलेले तीन न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर पडताळणीवाचून विसंबू नये, असे न्यायालयाने या संदर्भात बजावले. निवाड्याचे नाव, वर्ष, पृष्ठ यांची घडण ठराविक असते. ती घडण यंत्रास उत्तम साधते. त्या नावाचा निवाडा खरोखर झाला की नाही, हा प्रश्न नुसत्या शब्दजुळणीत येतच नाही. ग्रंथालयाची दाखलनोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त, विद्यार्थ्याने गोळा केलेला गावाचा इतिहास, यांचे सारे मोल 'हे कोणी सांगितले' या एका प्रश्नाच्या उत्तरात असते. तेथे ते उत्तर पुसट झाले की कागद उरतो आणि पुरावा जातो.

दुसरे कारण गुप्ततेचे. ही यंत्रणा बहुधा आपल्या संगणकात नसते. मजकूर दूरच्या संगणकाकडे जातो व उत्तर परत येते. केंद्रीय अर्थमंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या सूचनेने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे सांगितले, ते शासकीय माहिती बाहेर जाण्याच्या भयाने.

आता निवडीकडे वळू. लेखनासाठी लिब्रेऑफिस हा संच विनामूल्य मिळतो. २०१० मध्ये स्थापन झालेले डॉक्युमेंट फाउंडेशन तो सांभाळते; तो इंटरनेटवाचून चालतो आणि त्याच्या मूळ संचात वाक्ये रचणारी यंत्रणा घातलेली नाही. बाहेरच्या लोकांनी केलेली तशी पूरके मिळतात, पण ती मुद्दाम आणून बसवावी लागतात. त्यातील शुद्धलेखन तपासनीस हनस्पेल या नावाचा असून तो मूळ हंगेरियन भाषेसाठी बनला. हंगेरियनही आपल्याप्रमाणेच प्रत्ययांची भाषा. घर, घरात, घरापासून, घरांतील अशी रूपे एकेक न नोंदता मूळ शब्द एका यादीत व प्रत्ययांचे नियम दुसरीत, ही त्याची योजना मराठीस मानवते. इंटरनेट पाहण्यासाठी व्हिवाल्डी या नॉर्वेमधील कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये गप्पा मारणारे वा सारांश करणारे यंत्र घालण्यास नकार जाहीर केला. चित्रकलेच्या प्रोक्रिएट या साधनाच्या ऑस्ट्रेलियन निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तशीच भूमिका घेतली होती.

जेथे साधन आधीपासून वापरात आहे तेथे गोष्ट अधिक अवघड. जून २०२४ मध्ये भारतात व्हॉट्सॲपवर मेटा एआयचे वर्तुळ आले, तेव्हा ते कोणी मागितले नव्हते आणि काढून टाकण्याची सोयही नव्हती. न वापरणे एवढाच मार्ग होता. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या घरगुती वर्गणीत कोपायलट ही यंत्रणा घालून दर वाढविले. जुन्या दरात, तिच्यावाचून चालणारी वर्गणीही उपलब्ध होती. परंतु सुमारे २७ लाख ग्राहकांना ती ठळकपणे सांगितली नाही, असा आरोप करून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक-आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दावा गुदरला, आणि पुढील महिन्यात कंपनीने तेथील ग्राहकांची क्षमा मागितली. तात्पर्य इतकेच की विकत घेताना 'हिच्यावाचूनचा प्रकार आहे काय' असे स्पष्ट विचारावे, आणि साधनाची नवी आवृत्ती बसविली की बंद केलेल्या सोयी पुन्हा चालू झाल्या आहेत काय हे पाहावे.

सीमारेषेवरचे प्रकारही आहेत. छापील पान पाहून अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट हे मुक्त साधन २०१८ पासून कृत्रिम मज्जाजाल वापरते. तथापि ते समोरच्या पानाशी बांधलेले असते, म्हणून मी ते पहिल्या वर्गात घालतो. भ्रमणध्वनीवर पुढचा शब्द सुचविणारा कळफलक दुसऱ्या वर्गाचा धाकटा भाऊ होय. तो बंद करता येतो. भाषांतर-यंत्रे तर सरळ दुसऱ्या वर्गातली. म्हैसूरमध्येच १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि तेथून राष्ट्रीय अनुवाद अभियानाचे काम चालते. परिभाषेचा एकेक शब्द ठरविताना जी चर्चा होते, तिचा मागमूसही यंत्राच्या सफाईदार मसुद्यात दिसत नाही.

या निवडीची किंमत मोजावी लागते. काम सावकाश होते, मोठ्या लेखाचा सारांश स्वतः करावा लागतो, आणि अंध अथवा अपंग वाचकांस या नव्या यंत्रांचा जो खरा उपयोग होतो तो दुसऱ्या मार्गाने पुरवावा लागतो. त्यांना ती नाकारू नयेत असे माझे मत आहे.

लिब्रेऑफिसमध्ये 'कडकोळ' हा शब्द लिहिला आणि तो यादीत नसला तर त्याखाली तांबडी रेघ येते. शब्द तसाच राहतो. ग्रंथपालाने तो एकदा आपल्या शब्दसूचीत घालावा; रेघ नाहीशी होते. त्याच रीतीने आसपासच्या गावांची, वाड्यांची, आडनावांची सूची वाचनालयाने वर्षभरात तयार करावी व तिची प्रत गावातील शाळेस द्यावी.