थाप वेळेवर द्यावी

एसटीत उभं राहून वरची दांडी धरली की माझ्या उजव्या खांद्यातून अजूनही ‘कट्’ असा आवाज येतो. शेजारचा माणूस वळून बघतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाटात तर तो वळणागणिक येतो. हा आवाज मी पुण्यात विकत घेतला. वर्षाची फी आगाऊ, सूट वजा जाता २८ हजार रुपये.

माझं गाव चिखली तालुक्यातलं. दहावीपर्यंत तालमीत जात होतो. मोठा पैलवान वगैरे नव्हतो. नागपंचमीच्या दंगलीत नारळ आणि ५१ रुपयांवर कुस्त्या करणाऱ्या पोरांपैकी एक. मग इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, दिवसभर खुर्ची, रात्री अकराला जेवण आणि तेहतिसाव्या वर्षी ९२ किलो वजन. ऑफिसातल्या एकाने मोबाइलवर ब्राझिलियन जिऊ-जित्सूची एक लढत दाखवली. दोन माणसं गादीवर लोळत होती. ठोसा नाही, लाथ नाही. एकाने दुसऱ्याचा हात अडकवला, दुसऱ्याने गादीवर थाप मारली, संपलं. मी म्हणालो, ही तर आपलीच कुस्ती, फक्त अंगात जाड सदरा घालून केलेली. पुढच्या सगळ्या चुका या एका वाक्यातून निघाल्या.

कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. लहानपणापासून हाडात भिनलेली एकच गोष्ट म्हणजे चीत व्हायचं नाही. जिऊ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. वर आलेल्याच्या कमरेला पायांचा विळखा घालून तो खालूनच गळा आवळतो, हात अडकवतो. या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात आणि निम्मा खेळ त्यातच आहे. पैलवान काय करतो? चीत होऊ नये म्हणून सवयीने पालथा होतो, मान आत घेतो आणि माती धरून राहतो. इथे नेमकी तीच सगळ्यांत वाईट जागा. पाठ दिली की मागून गळ्याभोवती हात आलाच. पहिल्या आठवड्यात माझा गळा कितीदा आवळला गेला ते मोजायचं मी सोडून दिलं. प्रत्येक वेळी पाठ मीच दिली होती. खाशाबा जाधवांसारखा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि हेलसिंकीचं कांस्य घ्यायला त्याला १९५२ उजाडावं लागलं. मातीतून गादीवर जायला त्यांनी एवढी वर्षं दिली. मी स्वतःला तीन आठवडे दिले होते.

आता जिमबद्दल. तिचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तशा जिम बऱ्याच असतात. मी गेलो तो रविवार होता. एसी, आरसे, भिंतीवर पदकं, आणि टेबलामागे एक गोड बोलणारा मुलगा. ‘सर, आज भरलं तर तीस टक्के सूट.’ मी वर्ग बघायला मागितला नाही. गाय घेताना आमचे वडील तिला दोनदा चालवून बघतात, दोन वेळचं दूध काढून बघतात. मी वर्षभरासाठी शरीर ज्याच्या हाती द्यायचं त्याला शिकवताना एकदाही पाहिलं नाही. शिकवणाऱ्याच्या कमरेला कोणता पट्टा आहे, तो त्याला कोणी बांधला, हेही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी अर्धा तास पळवलं, एक डाव दाखवला आणि मग ‘रोल करा’ म्हणून सोडून दिलं. रोल म्हणजे दोघांनी खरा जोर लावून धरलेली पकड, साधारण पाच मिनिटांची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या वाट्याला शंभर किलोचा एक तरुण आला. त्याने माझं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या दंडाखालून घालून स्वतःच्याच मनगटाला कुलूप लावलं आणि माझा हात पाठीमागे वर न्यायला लागला, पोलीस चोराचा पिरगाळतात तसा. या डावाचं नाव किमुरा. मला कळत होतं की आता थाप द्यायला हवी. पण नागपंचमीची ती गर्दी डोक्यातून जात नव्हती. मी दात आवळून राहिलो. मग थाप दिली, दोनदा. त्या पोराने सोडायला एक क्षण उशीर केला, आणि पलीकडून शिकवणारा हसून म्हणाला, ‘पैलवान, थोडं सहन करा की!’ त्या क्षणात खांदा गेला.

सांध्याच्या कडेची कूर्चा फाटली होती. पाच महिने फिजिओथेरपी. फी परत मिळाली नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुले कोनं सांगतलं होतं हे धंदे कराले?’ उत्तर नव्हतं.

हात गळ्यात बांधून घरी बसलो तेव्हा वाचायला वेळ मिळाला. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान काढून जुन्या जपानी जुजुत्सूतून जुदो घडवला. तिथला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, मग त्याचा धाकटा भाऊ हेलिओ, आणि त्या घराण्याने जमिनीवरची झुंज घासूनपुसून वेगळी केली. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा मासाहिको किमुरा आणि हेलिओ समोरासमोर आले. किमुराने तोच डाव लावला ज्याला आज त्याचं नाव आहे. हात मोडला तरी हेलिओने थाप दिली नाही. शेवटी कार्लोसने टॉवेल टाकला. हे वाचून मला आधी फार बरं वाटलं, आपण थोरामोठ्यांच्या पंक्तीत बसलो म्हणून. मग लक्षात आलं की हेलिओच्या कोपऱ्यात भाऊ होता. माझ्या कोपऱ्यात हसणारा मास्तर होता.

दुसरी जिम शोधताना मी तीन संध्याकाळी नुसता बाकावर बसलो, आणि हा खेळ सुरू करणाऱ्या कोणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं. बसा. रविवारी नाही, आठवड्याच्या मधल्या दिवशी, नेहमीच्या वर्गाला. डाव बघू नका, ते आपल्याला कळत नाहीत. थाप पडल्यावर काय होतं तेवढं बघा. त्या दुसऱ्या ठिकाणी थाप पडायच्या आधीच हात सैल होत होते. जांभळ्या पट्ट्याची एक बाई, वजन असेल पंचावन्न किलो, एका धिप्पाड नवख्याला घेऊन बसली होती. तिने त्याचा गळा पकडला, आवळला नाही, आणि म्हणाली, ‘आता इथून कसा सुटशील?’ मुख्य शिक्षक स्वतः पोरांबरोबर रोल करत होता, एका विद्यार्थ्याने त्याला अडकवलं, त्याने थाप दिली आणि ‘पुन्हा दाखव’ म्हणाला. मी तिथल्या तिथे ठरवलं. जो गुरू फक्त कडेला उभा राहून ओरडतो आणि कधी गादीवर उतरत नाही, त्याच्याकडे मी जाणार नाही. दुखापत किंवा वय हे कारण असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तो सांगतो.

तिथे पहिला महिना नवख्यांना मोकळा रोल नव्हता. एक जागा ठरवून द्यायची, म्हणजे समोरचा छातीवर बसलाय, तू फक्त सुट, आणि सुटलास की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं वाटतं, पण याने माणूस वाचतो. फी महिन्याची. मीही आता सगळ्यांना सांगतो की पहिले तीन महिने महिन्याचीच भरा, सूट गेली तर जाऊ द्या. तिसऱ्या महिन्यात निम्मे लोक यायचे बंद होतात आणि आगाऊ फी घेणाऱ्याचं गणित त्याच लोकांवर चालतं, असा मला दाट संशय आहे. सदरा-पट्टाही (त्याला ‘गी’ म्हणतात) पहिल्या आठवड्यात घेऊ नका. मी साडेचार हजारांचा घेतला आणि पाच महिने तो कपाटात लटकत राहिला.

गळा आवळणं आणि पाय पिरगाळणं यांतला फरक नवख्याला कोणीतरी नीट सांगायला हवा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, म्हणून तिथे ‘बघू किती सहन होतं’ हा प्रयोग करायचा नसतो. आणि टाच पिरगाळण्याचा जो डाव आहे, हील हुक, त्यात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं काम झालेलं असतं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पांढऱ्या पट्ट्याला तो निषिद्धच आहे. पहिल्या महिन्यात कोणी तुमच्यावर तो लावत असेल आणि मास्तर बघत असेल, तर चप्पल घालून घरी या.

आता कातडीचं. ही गोष्ट कोणी लिहीत नाही. पावसाळ्यात माझ्या मांडीवर गजकर्ण उठलं. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, चार दिवसांत आग थांबली, मी खूश. पंधरा दिवसांत ते पोटापर्यंत आलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला: तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं होतं, खाज दबते आणि बुरशी माजते. दीड महिना गोळ्या खाल्ल्या आणि तेवढे दिवस गादीवर पाय ठेवला नाही, कारण एकाचं गजकर्ण वीस जणांना होतं. म्हणून जिम बघायला गेलात की गादी रोज औषधाने पुसतात का, नखं कापायला लावतात का, चप्पल घालून कोणी गादीवर चढतं का, हे बघा. भिंतीवरच्या पदकांपेक्षा फडकं महत्त्वाचं. आणि आपला सदरा प्रत्येक वेळी धुवा. ‘काल फार घाम आला नव्हता’ असं काही नसतं.

वडिलांच्या आजारपणामुळे गावी परत आलो त्याला आता तीन वर्षं झाली. इकडे विचारणारे दोन प्रकारचे. एक आईबाप. आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा बारा वर्षांचा भाचा एका वर्गाला जात होता. पाटीवर कराटे, जुदो, जिऊ-जित्सू, एमएमए, सगळं एकाच ओळीत. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि दीड वर्षात काळा पट्टा. बहिणीने पेढे वाटले. मी भाच्याला विचारलं, ‘समोरचा खरा जोर लावतो का रे कधी?’ तो म्हणाला, ‘नाही मामा, सर आकडे म्हणतात, आपण हात हलवायचे.’

ब्राझिलियन जिऊ-जित्सूत हा हिशेब बसतच नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांचे पट्टे वेगळे, पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा. निळा सोळाव्या वर्षानंतर. मग जांभळा, तपकिरी, आणि काळा एकोणीस वर्षांआधी नाहीच. प्रत्यक्षात नियमित करणाऱ्याला दहाएक वर्षं लागतात. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला कोणी या खेळाचा काळा पट्टा दिला तर पुढे काही विचारायची गरज नाही. नावाचा घोळही आहे. जु-जित्सू नावाने ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांत ठोसा-लाथेसह फायटिंग, जोडीने डाव सादर करण्याचा ड्युओ आणि जमिनीवरचा ने-वाझा असे वेगवेगळे प्रकार असतात. ब्राझिलियनशी जवळचं नातं फक्त ने-वाझाचं. पाटीवर कोणतं आहे ते विचारा. प्रमाणपत्राच्या लोभानेच मूल घालत असाल तर एवढं ध्यानात घ्या: सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण क्रीडा खात्याने पडताळलेल्या प्रमाणपत्रावर मिळतं, वर्गवाल्याने छापलेल्या रंगीत कागदावर नाही. पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारायला काही पडत नाही. मुलगी असेल तर वर्गात आणखी मुली आहेत का आणि तुम्हाला दाराशी बसू देतात का, हे बघा. दार लावून घेणारा वर्ग कितीही नावाजलेला असो, नको.

दुसरे विचारणारे तरुण पोरं. ‘भाऊ, खामगावात राहून हे शिकाचं कसं?’ मी त्यांना सांगतो, आधी तालमीत जा. उभ्याने माणूस खाली कसा आणायचा हे जिऊ-जित्सूच्या बऱ्याच जिमपेक्षा आपले वस्ताद चांगलं शिकवतात. जुदोचा वर्ग असेल तर तोही उत्तम. वर्षभर अंग तयार करा, मग सुट्टी काढून आठ दिवस मुंबई-पुण्यातल्या चांगल्या जिममध्ये काढा. रात्री मलकापूरला गाडीत बसलं की सकाळी मुंबई. मोबाइलवर बघून एकमेकांचे हात पिरगाळू नका. १९९३ मध्ये यूएफसी या मुक्त झुंजींच्या पहिल्या स्पर्धेत सडपातळ रॉयस ग्रेसीने आडदांड लोकांना थाप द्यायला लावली, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते. त्यामागे त्याचं आख्खं लहानपण गादीवर गेलं होतं, हे चित्रफितीत दिसत नाही.

मी स्वतः आता गावच्या तालमीत हौद्याच्या बाजूला चार गाद्या टाकून तीन पोरांबरोबर सावकाश खेळतो. शिकवत नाही; निळ्या पट्ट्याने शिकवू नये. वस्तादांना, वय सत्तरच्या पुढे, हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. ‘पाठ टेकली का कुस्ती गेली. तू त सोताहून टेकवतं!’ मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ते धोतर खोचून गादीच्या कडेला बसले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, ‘ये बरं, मले दाखव.’ मी पाठीवर पडून गार्ड लावला. त्यांनी माझ्या पायांकडे लक्षच दिलं नाही. एक हात मानेखाली, एक गुडघा बरगडीवर, आणि सगळं वजन हळूहळू, घाई न करता, गळ्यावर. मी ताबडतोब त्यांच्या पाठीवर दोन थापा दिल्या. ते खूश झाले, शाबासकी समजून आणखी दाबलं.

‘वस्ताद, सोडा!’ पोरं ओरडली. ‘भाऊनं थाप देल्ली!’