स्टेरॉइडनंतरची जांघेतली कळ

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या अडल्या की रक्ताला दुसरी वाट फारशी उरत नाही. रक्त तुटले की आतले हाड मरते आणि वरून शरीराचा भार पडत राहिल्याने माथा खचतो. डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, रुग्ण नुसते ए.व्ही.एन. म्हणतात. खुब्याला झालेला अपघात, दारू, सिकल सेल ही कारणे आहेतच. पण तिशी-चाळिशीतला माणूस लंगडत आला की स्टेरॉइडची चौकशी आधी करावी लागते.

स्टेरॉइडमुळे अस्थिमज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या आतला दाब वाढतो, रक्तातील चरबीचे कण बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडाच्या पेशीही थेट मरतात. तरी हे औषध खलनायक नव्हे. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले, की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ल्यूपस, पेम्फिगस, मूत्रपिंड प्रत्यारोपण यांत तर ते वर्षानुवर्षे द्यावे लागते.

कोविडनंतर ए.व्ही.एन.कडे महाराष्ट्राचे लक्ष गेले ते 2021 मध्ये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना मिळालेली एकूण मात्रा प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी 758 मिलिग्रॅम होती. तोवर सुमारे 2000 मिलिग्रॅमपुढे धोका मानला जाई. दुखणेही वर्ष-सहा महिन्यांनी नव्हे, कोविडच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांत सुरू झाले. तीन रुग्णांवरून नियम ठरत नाही, शिवाय कोविड स्वतःही रक्ताच्या गुठळ्या करतो. पण कोर्स लहान होता म्हणून निर्धास्त राहू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

मात्रेचा हिशेब डिस्चार्ज कार्डावरून घरीही करता येतो. डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे 40. दहा दिवसांचे 400. मिथाइलप्रेडनिसोलोनचे 40 म्हणजे 50. घरी गेल्यावर चालू राहिलेल्या गोळ्या यात धरायला लोक हमखास विसरतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, जालना-बीडकडूनही रुग्ण येतात. उपचार एका गावी, तपासणी दुसऱ्या गावी असे झाले की जुने कार्ड हाच पुरावा उरतो. दमा किंवा गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुडीची मात्र कसलीच नोंद नसते. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पुडी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवावी.

दुखणे फसवे असते. कळ जांघेत उठते, पण मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि तेल-मालिशीत महिने जातात. मांडी घालताना, उकिडवे बसताना, मोटारसायकलवर टांग टाकताना जांघ अडते. उताणे झोपवून गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेले, की खुबा आत वळतो. याच हालचालीला रुग्ण बहुधा ओरडतो. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही निर्दोष दिसतो. त्यामुळे स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची जांघ दुखत असेल तर एमआरआय करावा, आणि तोही दोन्ही खुब्यांचा, कारण स्टेरॉइडचा ए.व्ही.एन. बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो.

माथा गोल आहे तोवर तो वाचवण्याची संधी असते. हिंदुजातील रुग्णांना आठवड्याला अलेंड्रोनेटची गोळी आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन दिले होते. काही शल्यविशारद हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात. हे उपाय सर्वांना सारखे लागू पडत नाहीत. भार कमी करण्यासाठी काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती उलट धरतात. दुखते म्हणून स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे. दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांमुळे शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.

माथा खचल्यावर सांधा बदलणे हाच खात्रीचा उपाय. 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणानुसार सुमारे 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकतात. पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेल्याला दुसऱ्यांदा सांधा बदलावा लागण्याची शक्यता म्हणूनच मोठी असते.