फ्लोरेन्ससाठी साडेतीन दिवस

सीपीएम म्हटलं की आपल्याला पेपरमधला नेटवर्कचा प्रश्न आठवतो. मी मात्र हे तंत्र सध्या माझ्या मावशी-काकांच्या ट्रिपला लावतोय. दोघं येत्या मे महिन्यात इटलीत फ्लोरेन्सला जाणार आहेत. काका पाटबंधारे खात्यातून इंजिनीअर म्हणून रिटायर झाले. हातात वेळ शनिवार दुपार ते मंगळवार संध्याकाळ, आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात!

बहुतेक जण आधी बघायच्या जागांची यादी करतात आणि तिला दिवसांनी भागतात. मला ही पद्धत पटत नाही. जे हलवता येत नाही ते आधी मांडावं, म्हणजे सुट्टीचे वार आणि वेळ ठरलेली तिकिटं. फ्लोरेन्समध्ये उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी म्युझियम्स सोमवारी बंद असतात. कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना प्रवेश नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम्स फुकट, त्यामुळे त्या दिवशीच्या गर्दीबद्दल विचारूच नका. एवढं कागदावर लिहिलं की अर्धा प्लॅन तयार. रविवारी सकाळी उफिझी, सोमवारी कॅथेड्रल, मंगळवारी सकाळी अकादेमियात मायकेलँजेलोचा डेव्हिड. दोन्ही म्युझियम्स एकाच दिवशी उरकणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

बाकीच्या कामांना भरपूर फ्लोट आहे. पाँते वेक्कियो हा १३४५ चा पूल, त्याला ना दार ना तिकीट. कुठल्याही संध्याकाळी जा. (१९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला.) सांता क्रोचे चर्चमध्ये गॅलिलिओची कबर आहे, ती रविवारी दुपारी. शहर छोटं आहे, स्टेशनपासून कॅथेड्रल पंधरा मिनिटं चालत.

खरा क्रिटिकल पाथ सोमवारचा. कॅथेड्रलवरचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये बांधला. आतला व्यास सुमारे ४५ मीटर, आणि जमिनीपासून आधार देणारं लाकडी सेंटरिंग अजिबात नाही! आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट आहेत. आडव्या विटांच्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या, माशाच्या काट्यासारख्या. चुना वाळायच्या आत ताज्या थरातल्या विटा घसरू नयेत म्हणून ही युक्ती. काकांनी मला हे फोनवर अर्धा तास समजावलं, आमच्या सरांपेक्षा छान.

वर जायची वाट या दोन घुमटांच्या मधून जाते. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. एका मजल्याला २० पायऱ्या धरल्या तर २३ मजले झाले. वाट अरुंद, पुढेमागे माणसं. काकांचे गुडघे दुखतात. तिकिटावर वेळ छापलेली असते, त्यामुळे 'तिथे गेल्यावर बघू' हा पर्याय नाही. आत्ताच ठरवायला हवं.

मी दुसरा रस्ता सुचवला. कॅथेड्रलच्या मागच्या म्युझियमला लिफ्ट आहे, तिथे घुमटाचं लाकडी मॉडेल आहे आणि गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो. पास तीन दिवस चालतो, म्हणून म्युझियम मंगळवारीही करता येईल. मावशीला हे एकदम पसंत पडलं. काका म्हणाले, "मॉडेल मी पुस्तकात बघितलंय रे."

डॉक्टरांनी हळूहळू चढायची परवानगी दिली आहे. म्हणून सोमवारी सकाळची, ऊन चढायच्या आधीची वेळ धरली. नंतरची दुपार पूर्ण मोकळी सोडली, हा फ्लोट कोणालाही वापरू द्यायचा नाही. घुमटाचं तिकीट एकच. त्या वेळात मावशी म्युझियमच्या गच्चीवर बसणार.

सध्या काका रोज संध्याकाळी बिल्डिंगचे चार मजले दोनदा चढतात. काल तिसऱ्यांदा चढले, असं मावशीने तक्रारीच्या सुरात कळवलं.